तेहेतिसाव्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी

दहावी बाहेरून कशी करायची, हे विचारणारे फोन मला हल्ली बरेच येतात. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढतो.

मी एसी-फ्रीजचं काम करतो, लोटे एमआयडीसी आणि खेड-चिपळूण पट्ट्यात. २००५ साली नववी अर्धी टाकून काकांबरोबर भांडुपला गेलो, काम तिथेच शिकलो, पुढे गावाकडे परत आलो. हाताला काम होतं, त्यामुळे दहावी नाही म्हणून कधी काही अडलं नाही. अडलं ते पासपोर्टला. २०२३ च्या मे महिन्यात वाडीतल्या एका दादाने मस्कतहून फोन केला. त्यांच्या मेंटेनन्स कंपनीत टेक्निशियनच्या जागा निघणार होत्या. त्याचा पहिलाच प्रश्न, "तुझा पासपोर्ट ईसीआर आहे की ईसीएनआर?" कपाटातून पासपोर्ट काढून बघितला तर त्यावर ईसीआर छापलेलं.

ईसीआर म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड'. ज्याची दहावी झालेली नाही त्याच्या पासपोर्टवर हे येतं. त्याचा अर्थ असा, की ओमान, कतार, कुवेत, सौदी, दुबई वगैरे ठरावीक अठरा देशांत नोकरीसाठी जायचं तर आधी सरकारची परवानगी काढावी लागते. ईसीएनआरवाल्याला ती लागत नाही. ईसीआर असला म्हणजे जाताच येत नाही, असं अजिबात नाही. नोंदणीकृत एजंटमार्फत, करार दाखवून, विमा काढून हजारो माणसं जातात. नवख्या माणसाला त्यात निदान थोडं संरक्षण तरी मिळतं. पण बऱ्याच कंपन्या तो व्याप टाळतात आणि ईसीएनआरवाला आधी उचलतात. दादाने हे तोंडावरच सांगितलं, बरं झालं.

दहावीशिवायही ईसीएनआर होतो. प्राप्तिकर भरत असल्याचा पुरावा असेल तर होतो, एनसीव्हीटीची किंवा एससीव्हीटीची, म्हणजे केंद्राच्या किंवा राज्याच्या व्यवसाय प्रशिक्षण परिषदेची, मान्यता असलेल्या संस्थेचा दोन वर्षांचा डिप्लोमा असेल तर होतो, वय पन्नासच्या वर असेल तर होतो. मी आयटीआयला गेलो नव्हतो, कर भरण्याइतकं उत्पन्न कागदावर नव्हतं आणि पन्नाशीला अजून अवकाश आहे. राहिली दहावी.

इथे पहिला धोका. तुम्ही दहावीचं नुसतं नाव काढलंत की कोणीतरी भेटतोच, "कशाला अभ्यास करतोस, पंधरा दिवसांत मार्कशीट हातात." मलाही भेटला. दिल्लीच्या कुठल्यातरी बोर्डाचं नाव, वर अशोकस्तंभासारखं चित्र, भाव अठरा हजार. असं कोणी सांगितलं तर एकच बघायचं. देशातल्या मान्य शिक्षण मंडळांच्या परिषदेची, म्हणजे कोब्सेची, सदस्य मंडळांची यादी असते. त्यात ते बोर्ड आहे का? नसेल तर तो कागद पासपोर्टवाल्यांसमोर ठेवणं म्हणजे स्वतःच्या हाताने गुन्हा नोंदवून घेणं.

खरे रस्ते दोन होते. एक, आपलं राज्य मंडळ, म्हणजे १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून नेहमीच्याच मुलांबरोबर नेहमीचीच परीक्षा. दुसरा एनआयओएस, म्हणजे केंद्र सरकारचं मुक्त विद्यालय. (राज्याचंही वेगळं मुक्त विद्यालय मंडळ आहे, पण मी त्या वाटेला गेलो नाही.) एनआयओएसबद्दल मी मुलुंडच्या मावसभावाकडून नीट समजून घेतलं, कारण त्याची बायको तिथूनच दहावी झाली. पाच विषय पुरतात, त्यात निदान एक भाषा हवी. गणित घेतलंच पाहिजे असं नाही. तिने गृहविज्ञान, डेटा एन्ट्री असले विषय घेतले. पास व्हायला ३३ टक्के लागतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा नोंदणी केली की पाच वर्षं चालते, त्यात नऊ संधी मिळतात, आणि पास झालेले विषय जमा राहतात. आधीच्या बोर्डात दोन विषय सुटले असतील तर तेही धरून घेतात. मराठी माध्यमही आहे.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मग १७ नंबर कशाला? गणिताची ज्याला खरंच धास्ती आहे, त्याला मी आजही एनआयओएसच सुचवीन. माझी कारणं साधी होती. माझ्या कामाच्या पट्ट्यात त्यांचं अभ्यासकेंद्र सोयीचं नव्हतं, आणि पुतण्या मार्चमध्येच दहावी झाला होता, त्याची पुस्तकं, वह्या, अपेक्षित प्रश्नसंच सगळं माळ्यावर आयतं पडलेलं होतं. शिवाय पुढेमागे वायरमनचं काही करायचं झालं तर गणित-विज्ञान असलेलं बरं, असा विचार केला.

१७ नंबरला पात्रता फार नाही. निदान पाचवी पास आणि वयाची चौदा वर्षं पूर्ण. लागतो तो शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार आणि फोटो. दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. मी शाळा सोडली तेव्हा दाखला नेलाच नव्हता, त्यामुळे मूळ प्रतच मिळाली. जूनच्या शेवटी गावच्या हायस्कूलमध्ये गेलो. भाऊसाहेबांनी जुनं जनरल रजिस्टर काढलं. कडेने वाळवी लागलेली, माझी ओळ मात्र शाबूत. रजिस्टर क्रमांक, जन्मतारीख, आईचं नाव, आणि शेवटच्या रकान्यात 'सतत गैरहजर'.

दाखला हातात आला की घरी जायच्या आधी तिथेच उभं राहून आधारशी ताडून बघा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख. माझं मराठीत सगळं जुळत होतं. घोळ इंग्रजी स्पेलिंगचा होता. आधारवर वडिलांच्या नावात एक 'ए' जास्त, पासपोर्टवर एक कमी. फॉर्ममध्ये नाव इंग्रजीतूनही भरायचं असतं आणि तेच पुढे मार्कशीटवर येतं. हे सायबर कॅफेवाल्याच्या लक्षात आलं, त्याने सरळ विचारलं, "मार्कशीट दाखवणार कुठे? पासपोर्टला ना? मग पासपोर्टचं स्पेलिंग घाल आणि आधार आधी दुरुस्त करून आण." आधार दुरुस्तीला पन्नास रुपये आणि दोन-अडीच आठवडे गेले. दाखल्यातच चूक असेल तर मात्र काम लांबतं, कारण रजिस्टरमधला बदल शिक्षणाधिकाऱ्यांकडून मंजूर करून आणावा लागतो. तेवढ्यासाठी तरी लवकर सुरुवात करा.

फॉर्म ऑगस्टमध्ये सुरू झाले. फक्त ऑनलाइन, मंडळाच्या संकेतस्थळावर. मोबाइल नंबर आणि ईमेल लागतो, तो स्वतःचाच द्या, कॅफेवाल्याचा नको, कारण अर्जाची प्रत त्यावरच येते. नोंदणीचे १००० आणि प्रक्रियेचे १०० असे ११०० रुपये भरले. हे पैसे परत मिळत नाहीत, आणि रक्कम अधूनमधून वाढते, तेव्हा तुमच्या वर्षीची सूचना बघून घ्या. फॉर्ममध्ये जिल्हा, तालुका, माध्यम निवडलं की शाळांची यादी येते, त्यातली एक संपर्क केंद्र म्हणून घ्यायची. ही निवड माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची. परीक्षेचा अर्ज, तोंडी, प्रात्यक्षिक, हॉल तिकीट, मार्कशीट, सगळं त्याच शाळेतून होतं. यादी समोर आली म्हणून घराजवळची निवडू नका. आधी दोन-तीन शाळांच्या ऑफिसात जाऊन या, १७ नंबरवाल्याचं तिथे कोण बघतं ते विचारा, आणि जिथे माणसासारखं बोलतील ती घ्या.

एवढं सांगण्याचं कारण, मी निवडलेल्या शाळेत अर्जाच्या दोन प्रिंट, पावती आणि मूळ दाखला घेऊन गेलो तर उत्तर मिळालं, "आम्ही १७ नंबर घेत नाही." यादीत नाव तर होतं! मी मोबाइलवर यादी उघडून दाखवली. "गणपतीनंतर या." गणपती १९ सप्टेंबरला, आणि बिनविलंब शुल्काची मुदत त्याच्या आधी संपत होती. कोकणात गणपतीच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा कुठल्याही ऑफिसात काम होत नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको. मी मुख्याध्यापकांच्या दाराशी बसून राहिलो. मधल्या सुट्टीत सर बाहेर आले, कागद चाळले, क्लार्कला हाक मारली आणि विषय संपला. मूळ दाखला शाळेकडे जमा होतो. देण्याआधी त्याच्या चार रंगीत झेरॉक्स काढा आणि कागद मिळाल्याची पोच मागून घ्या.

पुढे बराच काळ काहीच घडत नाही. मग मंडळाकडून नावनोंदणी प्रमाणपत्र येतं, ते संपर्क केंद्रातूनच घ्यायचं. ते आल्यावर परीक्षेचा खरा अर्ज भरला जातो आणि त्याचं शुल्क वेगळं, माझ्या वेळी चारशेच्या वर. खूप जणांना वाटतं १७ नंबर भरला म्हणजे झालं. नाही झालं. हा दुसरा अर्ज राहिला तर वर्ष गेलं. शाळा फोन करतेच असं नाही, त्यामुळे दिवाळीच्या आधीपासून मीच पंधरा दिवसांनी एक चक्कर मारत होतो.

अभ्यासाचं सांगतो. दिवसा काम, रात्री नऊ ते अकरा पुस्तक. पहिला महिना नुसता झोप आवरण्यात गेला. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट आहेत, पण मोबाइलवर गणित होत नाही, छापील पुस्तकच घ्या. गणित भाग १ मध्ये अर्थनियोजन नावाचा धडा आहे. उघडला तर आत जीएसटी! मी रोज बिलात १८ टक्के लावतो, नऊ केंद्राचे, नऊ राज्याचे. पुतण्याला तो धडा रुक्ष वाटला होता, मला एका रात्रीत झाला. विज्ञान भाग १ मध्ये उष्णता. एक ग्रॅम बर्फाचं पाणी व्हायला ८० कॅलरी लागतात, तापमान शून्यच राहतं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला ५४०, तापमान शंभरच राहतं. त्याला अप्रकट उष्मा म्हणतात. अठरा वर्षं मी हेच विकतोय की! घरातल्या कॉइलमध्ये गॅस उकळतो तेव्हा तो खोलीतली उष्णता ओढून घेतो, बाहेरच्या कॉइलमध्ये परत द्रव होताना ती सोडून देतो. प्रेशर गेज लावून मी ते रोज बघतो, त्याचं नाव तेवढं आता कळलं. त्या रात्री अकराचा दीड वाजला.

सगळं असं नव्हतं. वर्गसमीकरणं आणि भूमितीची प्रमेयं डोक्यावरून गेली. इतिहासलेखनाची पाश्चात्त्य परंपरा मी तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा झोपलो. भूगोलाचं पुस्तक अख्खं भारत आणि ब्राझील यांची तुलना, ते आवडलं. मराठीला घाबरायचं कारण नाही. इंग्रजीला मात्र उतारा वाचून उत्तरं शोधण्याचा सराव करा, गुण तिथेच मिळतात.

भाषा सोडून बाकीचं दोन-दोन पेपरांत विभागलेलं असतं, गणित ४० आणि ४०, विज्ञान तसंच, इतिहास-भूगोल तसंच. प्रत्येक विषयाला २० गुण अंतर्गत. हे अंतर्गत गुण खाजगी विद्यार्थ्यालाही असतात. तोंडी, प्रात्यक्षिक, वह्या, सगळं संपर्क केंद्रात होतं आणि तारीख आपणच विचारायची असते. फेब्रुवारीत माझं झालं. जलसुरक्षेची वहीसुद्धा लिहिली, पुतण्याने आकृत्यांना मदत केली. विज्ञानाच्या मॅडमनी प्रात्यक्षिकाला सर्किट जोडायला दिलं आणि माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला काय शिकवायचं." पण निरीक्षण आणि अनुमान मात्र पूर्ण वाक्यात लिहून घेतलं.

परीक्षा १ मार्च ते २६ मार्च २०२४. आमच्या धंद्यात मार्च म्हणजे सर्व्हिसिंगचा सीझन, त्यामुळे पेपरांच्या दिवसांची कामं जोडीदारावर टाकली आणि ते पैसे सोडले. हा खर्चही आधीच धरून ठेवा. हॉल तिकीट आलं की फोटोवर मुख्याध्यापकांचा सही-शिक्का आहे ना ते बघा, आणि नावाचं स्पेलिंग परत एकदा. केंद्रावर साडेदहाला हजर राहायचं, पेपर अकराला. चाळीस गुणांच्या पेपरला दोन तास आणि वर दहा मिनिटं. पहिल्या दिवशी दारावर अंगझडती, बाहेर पोलीस, मधेच भरारी पथक.

आमच्या खोलीत बरेचसे रिपीटर आणि आम्ही १७ नंबरवाले. मला वाटलं होतं मी एकटाच म्हातारा असेन. माझ्या पुढे ग्रामपंचायतीचा शिपाई, वय चाळीस तरी. त्याची बढती दहावीवर अडलेली. पलीकडे एक ताई, मुलगी बारावीला आणि आई दहावीला, दोघींच्या परीक्षा एकाच महिन्यात. बाकडी पोरांच्या मापाची, गुडघे वर आपटतात. तीन तासांच्या पेपरला मधे पाय मोकळे करायची परवानगी पर्यवेक्षकांकडे मागितली तर देतात, लाजू नका.

आणि शिमगा! २४ मार्चला होळी, २५ ला धुळवड आणि २६ ला भूगोल. पालखी आमच्या अंगणात नाचतेय, ढोल वाजतोय, आणि मी मागच्या खोलीत ब्राझीलच्या नद्या पाठ करतोय. घरात पाहुणे, "हा कुठे आहे?" म्हणून विचारणा. शेवटी बाहेर येऊन पालखीला खांदा दिला, नारळ ठेवला आणि परत आत गेलो. भूगोलात त्या मानाने चांगले गुण पडले.

निकाल २७ मेला दुपारी एकला लागला. कोकण विभाग राज्यात पहिला, ९९.०१ टक्के. शंभरात नव्याण्णव पास, आणि उरलेल्या एकात मी. गणित राहिलं होतं, बाकी सगळे विषय सुटले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. दोन दिवस कोणाचा फोन घेतला नाही. त्यात चुलत्यांनी "सांगितलं होतं तुला" हे वाक्य टाकलंच.

मग गणिताच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. त्यासाठी विषयाला ४०० रुपये. नुसती गुणपडताळणी ५० रुपयांत होते. पुनर्मूल्यांकनाला ३०० आहेत, पण त्याआधी छायाप्रत घ्यावीच लागते. सगळं ऑनलाइन, निकालानंतर साधारण पंधरा दिवसांच्या आत. गुण वाढण्याची मला आशा नव्हती, पण ते ४०० रुपये वसूल झाले. स्वतःची उत्तरपत्रिका समोर ठेवून बसलो तेव्हा कळलं, की तपासणारा पायऱ्यांना गुण देतो. जिथे उत्तर चुकलं पण सूत्र आणि किंमती बरोबर लिहिल्या होत्या तिथे गुण होते. जिथे 'येणार नाही' म्हणून पान कोरं ठेवलं होतं तिथे अर्थातच शून्य. भूमितीत अशी कोरी पानं फार.

एक-दोन विषय राहिले तर वर्ष थांबावं लागत नाही, पुरवणी परीक्षा असते. २०२४ ला ती जुलैत होती. अर्ज परत संपर्क केंद्रातूनच, शुल्क परत. मी जून महिना फक्त भूमितीला दिला. समरूपता, पायथागोरस, वर्तुळ. प्रमेयं पाठ केली नाहीत, 'पक्ष, साध्य, सिद्धता' एवढं तरी प्रत्येक ठिकाणी लिहायचं आणि आकृती काढायचीच, असं ठरवलं. रचना मात्र कंपासने रोज दोन काढायचो. पत्रा कापताना हाताला माप असतं, ते कामाला आलं.

पुरवणीला केंद्रं कमी असतात. माझं चिपळूणला आलं. जुलै महिना, जगबुडी नदी दुथडी भरून, हायवेवर कधी काय बंद पडेल नेम नाही. मी आदल्या रात्रीच चिपळूणला मेहुण्याकडे जाऊन राहिलो. पावसाळी परीक्षा असेल आणि केंद्र लांब असेल तर कोकणातल्यांनी हे करावंच. निकाल २३ ऑगस्टला लागला, गणित सुटलं. टक्के सांगत नाही, पासपोर्टवाले विचारत नाहीत.

मार्कशीट आणि प्रमाणपत्र काही दिवसांनी शाळेतून मिळालं. ज्या क्लार्कने पहिल्या दिवशी परत पाठवलं होतं, त्यानेच पेढे मागितले. दिले. पुढे पासपोर्टचा रि-इश्यूचा अर्ज, कारण म्हणून ईसीआर काढणे. शुल्क १५००, जुना पासपोर्ट, मार्कशीट, प्रमाणपत्र. पोलीस पडताळणी परत झाली. नवीन पासपोर्ट ऑक्टोबरमध्ये घरी आला. मस्कतच्या त्या जागा केव्हाच भरल्या होत्या, आता दादा म्हणतो पुढच्या प्रोजेक्टला बघू. तोवर लोट्यात काम चालूच आहे. पासपोर्ट सोडून एकूण खर्च तीन-साडेतीन हजारांच्या आत गेला, बुडालेली मजुरी वेगळी.

आणखी एक. पुढे बारावीही अशीच बाहेरून करायची असेल तर दहावीनंतर दोन वर्षं जावी लागतात, लगेच फॉर्म घेत नाहीत. आणि ज्यांना पुढच्या परीक्षेला बसायचं आहे त्यांनी ऑगस्टची वाट बघू नका. दाखला जूनमध्येच काढा, आधार जुळवून घ्या, संपर्क केंद्र बघून ठेवा. खेड-चिपळूणमधलं कोणी असेल आणि पुस्तकं नसतील तर पुतण्याचा सगळा संच माझ्याकडे आहे, घेऊन जा. फक्त भूगोलाच्या पुस्तकावर थोडा गुलाल आहे.